चौसष्ट एमबीची आत्या

२ एप्रिल, गुरुवार

मेली! परत मेली!

सकाळपासून कंपाईल चालू होतं. जेवून हात पुसत आले तर स्क्रीनवर एकच शब्द — ‘किल्ड’. कारण नाही, सॉरी नाही, काही नाही. मेमरी संपली की डबी सगळ्यात जास्त खाणाऱ्या प्रोग्रॅमला शोधते आणि सरळ उडवते. आणि सगळ्यात जास्त खाणारा कोण? माझा कंपायलरच!

डबी म्हणजे माझा हातात मावणारा लिनक्स कॉम्प्युटर. चष्म्याच्या घराएवढी. उघडली की वर स्क्रीन, खाली डाळीच्या दाण्याएवढी बटणं. चौसष्ट एमबी मेमरी — माझ्या वर्गातल्या मुली एका फोटोला यापेक्षा जास्त जागा देत असतील. मोबाईल दुरुस्तीवाल्याच्या खणात चार्जरच्या गुंत्यात पडली होती. मी विचारलं, ही काय आहे? तो म्हणाला, तुला कळलं तर मलाही सांग.

आता ती मला २४ तारखेच्या आत बोलती करायचीय.

२४ ला आत्याचं ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार. सगळं. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, आवाज मात्र जाणार. आवाज! आत्या एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारते. म्हणजे पुकारायची. या शहरात येणारी-जाणारी सगळी माणसं तिच्या आवाजावर उठली-बसलीयेत. डॉक्टरांनी सांगितल्यावर ती एवढंच म्हणाली, “रजा किती टाकू?”

रडणंबिडणं नाही आमच्या घरात. मी डबी काढली.

३ एप्रिल, शुक्रवार

आईचं म्हणणं — फोनवर ॲप असतात ना अशी? टाईप केलं की बोलतात?

असतात. परवा आत्याला दाखवलं. एकतर त्याला नेट लागतं, आणि वॉर्ड तळमजल्यावर आहे, तिथे रेंजच्या नावाने बोंब. मी स्वतः फोन वर धरून फिरून आले. दुसरं, आत्याची बोटं काचेवर चालत नाहीत, तिला खरं बटण लागतं, दाबलं की दबणारं. आणि तिसरं, ॲपमधून जी बाई बोलली ती ऐकून आत्याचं तोंड बघण्यासारखं झालं. “ही कोण? ही मला कर्ज घेता का विचारेल आत्ता.”

डबीवर मी आवाज खाली-वर करू शकेन. वेग बदलू शकेन. आणि खरं सांगायचं तर — मला करायचंच होतं.

रात्रीच्या पक्ष्याला विचारलं. इंटरनेटवरच्या फोरमवर डबीवाली आम्ही चार टाळकी आहोत, त्यातलं हे एक. नाव-गाव माहीत नाही, चित्रात घुबड लावलंय म्हणून मी घुबड म्हणते. घुबड म्हणतं, मोठ्या कॉम्प्युटरवर कंपाईल कर आणि तयार प्रोग्रॅम डबीत टाक, सगळे तसंच करतात. केलं की! मार्चमध्येच केलं. प्रोग्रॅम तयार होतो, पण मराठी उच्चारांची फाईल तयार करायला तोच प्रोग्रॅम तिथल्या तिथे चालवून बघावा लागतो. डबीसाठी बनवलेला प्रोग्रॅम मोठ्या कॉम्प्युटरवर चालणार कसा? अडलं. म्हणजे डबीसाठीचं डबीनेच शिजवायचं.

आत्याने विचारलं, कंपाईल म्हणजे काय गं?

म्हटलं, माणसाने लिहिलेलं मशीनला कळेल असं करायचं.

“म्हणजे भाषांतर.”

“हो, तसंच.”

“मग त्यात एवढं मरायला काय झालं?”

५ एप्रिल, रविवार

रविवार म्हणजे माझा पोस्टमनचा दिवस. दोघंही घरी!

आत्या आणि बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. सख्खे भाऊ-बहीण, एका घरात, एका टेबलावर जेवतात, आणि बोलत नाहीत. मी बोलायला लागले तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे. आजचाच नमुना —

आत्या: “तुझ्या बापाला सांग, पंखा बंद कर. वारं थेट घशात जातंय.”

बाबा, पेपरमधून, दोन हातांच्या अंतरावर बसलेले: “आत्याला सांग, मला उकडतंय.”

आत्या: “त्याला सांग, बनियन काढ.”

बाबा: “तिला सांग, घरात मुलगी मोठी झालीय.”

मी: “ऐकलंत ना दोघांनी? का मी परत म्हणू?”

तरी म्हणावं लागतं. मी म्हटल्याशिवाय कोणी हलत नाही. शेवटी मी बोलले, मग बाबा उठले, पंखा एकवर आणला. बंद नाही हं. एकवर.

कारण मला खूप उशिरा कळलं, आईकडून, भांडी पुसताना. आत्याने रेडिओसाठी परीक्षा दिली होती. पहिली पास झाली. दुसऱ्या फेरीला या, असा त्यांचा फोन आला. आत्या बाहेर होती, फोन बाबांनी घेतला आणि तिला सांगितलंच नाही. दिवस निघून गेल्यावर कळलं. आई म्हणते, बाबा विसरले. आत्या म्हणते, तो कधी काही विसरत नाही. तेव्हा मी पाळण्यात होते.

तेव्हापासून आत्या बाबांकडे निरोप देत नाही आणि बाबांकडून घेत नाही. साक्षीदार लागतो. तो साक्षीदार मी.

६ एप्रिल, सोमवार

कार्डावर स्वॅप फाईल केली — म्हणजे मेमरी कमी पडली की डबीने कार्डालाच मेमरी समजायचं. भयंकर स्लो. पण मेली नाही! अजून तरी!

७ एप्रिल, मंगळवार

मेली नाही, गोठली. बटण दाबून बंद-चालू केली. परत पहिल्यापासून.

८ एप्रिल, बुधवार

आज बाबांनी मारली.

डबीवरचं डेस्कटॉप बंद केलं होतं, म्हणजे चित्रंबित्रं काही नाही, नुसती काळी स्क्रीन आणि अक्षरं. त्यामुळे मेमरी बरीच मोकळी झाली. एका वेळी एकच फाईल. चार्जर लावला, डबी खिडकीत ठेवली — तापते ना — आणि क्लासला गेले. मस्त चालू होतं!

आले तर थंडगार. चार्जरचा स्विच बंद.

बाबांची सवय. घरातून बाहेर पडताना सगळे स्विच बंद करत जातात. हॉल, किचन, बाथरूम, गॅलरी. गॅसचा नॉब दोनदा. एकदा आई आंघोळीला होती तर गिझर बंद करून गेले.

मी ओरडलेच. “बाबा, चार्जिंगला होती ती!”

“दिवा तर लागला नव्हता.”

“चार्जरला दिवा नसतो!”

“मग माणसाने ओळखायचं कसं?” वर म्हणे, “त्या खेळण्यासाठी दिवसभर करंट चालू ठेवायचा?”

मी म्हटलं, खेळणं नाहीये ते. आत्या २४ नंतर त्याच्यातून बोलणार आहे.

त्यांनी बूट काढले. एक मोजा काढला, दुसरा काढायचा विसरले आणि तसेच आत गेले.

९ एप्रिल, गुरुवार

सकाळी उठले तर खिडकीतल्या स्विचवर काळी इन्सुलेशन टेप. चांगले तीन-चार वेढे. बंद करायचा म्हटला तरी बोट शिरणार नाही.

कोणी लावली विचारलं. आई म्हणाली मला काय माहीत. बाबा ऑफिसला गेले होते. जाताना बाकीचे सगळे स्विच बंद करून!

११ एप्रिल, शनिवार

आत्याबरोबर स्टँडवर गेले. लॉकरची किल्ली परत करायची होती.

तिची केबिन म्हणजे एक खोका आहे. काचेची खिडकी, त्यापलीकडे फलाट. एक माईक, त्याला रुमाल बांधलेला. भिंतीवर घड्याळ, आणि ते चुकलं तर म्हणून टेबलावर दुसरं. खुर्चीची एक बाजू झिजून पांढरी झालीय, कारण आत्या तिरकी बसते, खिडकीकडे तोंड करून. आता तिच्या जागी रेकॉर्ड केलेल्या घोषणा लावतात. एक मुलगी कॉम्प्युटरवर गाडी निवडते आणि आतला आवाज बोलतो. गोड आहे. तोच तो, कर्ज विचारणारा.

आत्याला बघून ड्रायव्हर लोक खिडकीशी आले.

एक म्हणाला, “बाई, या नव्या बाईला रागच येत नाही ओ. तुम्ही कशा ओरडायच्या, ‘पाच नंबरवरची गाडी बाजूला घ्या!’ आता कोणी घेतच नाही बाजूला.”

“तुला मी नावानिशी ओरडायला पाहिजे होतं,” आत्या म्हणाली. आवाज म्हणजे आता नुसता घासतो. कागद फाडल्यासारखा.

दुसरा म्हणाला, “लवकर या परत.”

त्याला माहीत नव्हतं.

आम्ही निघणार एवढ्यात रेकॉर्डने सकाळची गाडी दोन नंबरवर पुकारली. गाडी उभी चारवर! लोक पिशव्या घेऊन दोनकडे पळाले. ती मुलगी घाबरून भलतीच बटणं दाबायला लागली. आत्याने तिला बाजूला केलं, माईक ओढला, आणि त्या फाटक्या आवाजात सांगितलं — गाडी चार नंबर फलाटावर उभी आहे. आणि लगेच परत एकदा तेच, सावकाश.

लोक वळले आणि चारकडे पळाले. एकानेही मान वर करून बघितलं नाही. आवाज बसलाय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

परत येताना विचारलं, “बाकीच्या गाड्या एकदाच पुकारायचीस ना? ही दोनदा का?”

“लोक बहिरे असतात,” आत्या म्हणाली.

१२ एप्रिल, रविवार

परत गोठली, परत पहिल्या फाईलपासून. रोज जेमतेम त्याच जागेपर्यंत पोचते आणि मरते. पुढे सरकतच नाही. बारा दिवस राहिले. घुबड म्हणतं, पूर्ण लॉग पाठव, म्हणजे कंपाईल होताना स्क्रीनवर जे जे येतं ते सगळं. मी म्हटलं, शेवटच्या ओळी पाठवल्या ना, एरर तिथेच आहे.

आज पोस्टमनगिरी करताना चिडले. म्हटलं, दोघं आपापलं बोला की, मला काम आहे. जेवण होईपर्यंत घरात फक्त ताटांचा आवाज. भाजीत मीठ नव्हतं, तेही कुणी बोललं नाही!

१४ एप्रिल, मंगळवार

मी मूर्ख आहे. मी महामूर्ख आहे. हे सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे.

दुपारी आत्याच्या खोलीत बसून परत कंपाईल लावत होते. आत्याची गोळीची वेळ होती. तिला घड्याळाशिवाय बसवत नाही, सवय आहे, आणि त्या खोलीतलं घड्याळ सेल संपून बंद. तिने वाकून डबीत बघितलं.

“तुझ्या डबीत सव्वातीन वाजलेत.”

“ते चुकीचं आहे गं.”

“तारीख एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. कोणत्या साली बसलीयेस तू? मी तेव्हा नव्हते, तुझा बापही नव्हता.”

मी हसत म्हटलं, आतला छोटा सेल मेलाय, त्यामुळे बंद-चालू केली की घड्याळ तिथूनच सुरू होतं, त्याने काही बिघडत नाही.

पाणी आणायला उठले. फ्रिजचं दार उघडलं. आणि तशीच उभी राहिले.

बिघडतं! सगळं बिघडतं! कंपाईल करणारी ‘मेक’ कमांड तारखा बघते. कोडची फाईल जुनी आणि तयार फाईल नवी असेल तर — झालंय हे, पुढे चला. माझ्या कोडच्या फाईली या शतकातल्या. आणि डबीने तयार केलेली प्रत्येक फाईल १९७० सालची! म्हणजे तिला वाटणार, बापरे, हे तर जुनंपुराणं, परत करायला पाहिजे. दर वेळी सगळं, पहिल्यापासून! दोन आठवडे मी एकच भिंत रोज बांधत होते आणि रोज पाडत होते.

आणि वॉर्निंग येत होती. पहिल्याच ओळीत! ‘ही फाईल भविष्यातली आहे.’ मी रोज बघायचे आणि सोडून द्यायचे. वॉर्निंग म्हणजे काय, वॉर्निंग. एरर थोडीच आहे! म्हणून घुबड पूर्ण लॉग मागत होतं. पहिली ओळ बघितल्याबरोबर त्याला कळलं असतं.

“पाणी आणतेस का फ्रिज थंड करतेस?” आत्या आतून.

तारीख बरोबर केली. आजची. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली — डबी चालू झाली की आधी मला तारीख विचारायची, त्याशिवाय पुढे जायचंच नाही. कंपाईल लावलं. मेलं. परत लावलं, आणि — जिथे मेलं होतं तिथूनच सुरू झालं! मी खोलीत नाचले. आत्याला वाटलं झालंच सगळं. “बोलेल आता?” म्हटलं नाही, पण आता मेली तरी पुढे मरेल.

ती म्हणाली, “बरंय. असंच मलाही सांगितलंय डॉक्टरांनी.”

मला हसावं की काय कळेना. ती हसत होती, म्हणून हसले.

१५ एप्रिल, बुधवार

एक राक्षसी फाईल आहे. बाकी सगळ्या झाल्या, ही एकटी जात नाही. चौसष्ट एमबी आणि स्वॅप दोन्ही गिळते आणि ढेकरही देत नाही. ऑप्टिमायझेशन बंद केलं — म्हणजे कंपायलरला सांगितलं, हुशारी करू नकोस, जसं आहे तसं कर. तरी नाही. शेवटी फाईलच मधून कापून दोन केल्या. बेसिनवर दात घासताना सुचलं!

दोन्ही गेल्या.

१६ एप्रिल, गुरुवार

बोलली!!!

प्रोग्रॅम तयार झाला, त्याने मराठी उच्चारांची फाईल स्वतःच बनवली. हेच तर कुठे होत नव्हतं! डबीच्या त्या चिमुकल्या स्पीकरमधून, पत्र्याच्या डब्यात बसलेल्या म्हाताऱ्यासारखा आवाज — “नमस्कार.”

आईने हातातलं सोडून टाळी वाजवली. आत्या म्हणाली, “याला सर्दी झालीय.”

मग आत्या परीक्षेला बसली. म्हणजे डबीला बसवलं. आकडे! पुकारणाऱ्या माणसाला आकडे आले पाहिजेत म्हणे. मी ५९ टाईप केलं. डबी म्हणाली, एकोणसाठ.

“बरोबर का सांग,” आत्या मला म्हणाली.

मी... एकोणसाठ म्हणजे... एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाईन ना? की एकोणसाठ सिक्स्टी नाईन? बोटं मोजायला लागले.

“बघा! डबीला येतं, हिला येत नाही. एवढी फी भरून!”

“आत्या, आमच्या शाळेत फिफ्टी नाईन म्हणतात.”

“मग तुझी गाडी चुकली. एकोणसाठ नंबरची होती.”

इतकी हसली की खोकला लागला. खोकला थांबेपर्यंत मी पाठीवर हात ठेवून उभी. हाडं लागतात आता हाताला.

१८ एप्रिल, शनिवार

बटणं लावली. वरची सहा बटणं म्हणजे सहा तयार वाक्यं, एकदा दाबलं की बोलणार. बाकी टाईप करायचं, पेनच्या मागच्या टोकाने, कारण बोट टेकवलं की तीन अक्षरं एकदम दबतात. प्रत्येक बटणावर कागदाचं मराठी अक्षर चिकटवलं. कात्रीने कापून डोळे गेले. ‘ळ’ उडून गेला, शोधून परत चिकटवला.

आत्याने वाक्यं सांगितली. पाणी दे. उशी वर कर. नर्सला बोलाव. दुखतंय. ठीक आहे.

“पाचच झाली. सहावं?”

“तुला काय सुचतं ते टाक.”

मग मी जे टाकलं ते पहिल्याच बटणावर टाकलं, कारण ते सगळ्यात जास्त लागणार! दाबून दाखवलं. डबी त्या सर्दीच्या आवाजात म्हणाली — “तुझ्या बापाला सांग.”

आत्याने डोळ्यांना पदर लावला. हसतच. “राहू दे,” म्हणाली. “राहू दे ते.”

२० एप्रिल, सोमवार

आज विचित्र झालं.

आई आणि आत्या तपासण्यांना गेल्या होत्या. मी डबीचा आवाज जमवत होते. पुरुषाचा वाटतो, नाहीतर कार्टूनचा वाटतो. बाबा ऑफिसमधून लवकर आले. दारात उभे राहून ऐकत होते, मला माहीतच नाही.

“थोडा खाली घे.”

दचकले. म्हटलं, काय?

“आवाज. थोडा खाली. तिचा एवढा उंच नाही.”

खाली घेतला. बाबा स्टूल ओढून बसले. शर्टची बटणंही काढली नाहीत, पंखाही लावला नाही.

“वेग जास्त आहे. ती घाई करत नाही. गाडीचं नाव सांगितलं की थांबते, मग फलाट सांगते.”

मी स्वल्पविरामाला जास्त वेळ दिला.

“हं. आता शेवट. शेवटी आवाज पाडू नको. लोक शेवटचा शब्द सोडून देतात, ती सोडत नाही. धरून ठेवते.”

असं करत करत बराच वेळ. सगळं नाही जमलं, डबीला तेवढं येतही नाही. पण मधेच एकदा “चार नंबर फलाटावर” टाईप केलं आणि बाबा स्टुलावरून पुढे वाकले. अगदी आत्या नव्हती. पण तिच्या नात्यातलं कुणीतरी होतं.

मी विचारलं, “बाबा, तुम्हाला एवढं कसं माहीत?”

“रोज गाडी पकडतो ना मी. सकाळची. चार नंबरवरून.” मग उठता उठता, जणू काही पेपरमधली बातमी सांगतायत — “माझी गाडी ती दोनदा पुकारते.”

मी आत्याने काय सांगितलं होतं ते सांगितलं नाही. लोक बहिरे असतात वगैरे. पहिल्यांदाच निरोप पोचवला नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

आत्याने नवा आवाज ऐकला. परत एकदा लावायला सांगितला. मग म्हणाली, “शेवट कोणी शिकवला हिला?”

म्हटलं, “मीच.”

“तुला एकोणसाठ येत नाही.”

२३ एप्रिल, गुरुवार

उद्या.

बॅग भरली. डबी, चार्जर, दोन पेनं. टेपची गुंडाळी पण घेतली, वॉर्डमधल्या स्विचला लावायला.

मला वाटलं होतं आज बोलतील. आज नाही तर कधी? आवाज आजच्यापुरताच आहे! जेवताना मी मुद्दाम मधली खुर्ची सोडून टोकाला बसले. बाबांनी पाण्याचा तांब्या आत्याकडे सरकवला. तिने घेतला. बास. एवढंच.

नंतर तिच्या खोलीत गेले. म्हटलं, “आत्या, आज तरी सरळ बोल ना बाबांशी. एकदा.”

ती साडीच्या घड्या घालत होती. “काय बोलू?”

“काहीही!”

“तुझ्या बापाला सांग, उद्या लवकर निघायचंय. अंघोळीला वेळ लावू नको म्हणावं.”

म्हणजे शेवटचा निरोप पण माझ्याकडेच! मला इतका राग आला. बाहेर येऊन बाबांना सांगितला, तसाच, शब्द न शब्द. बाबा म्हणाले, “सांग तिला, बरं.”

परत आत गेले. “बरं म्हणालेत.”

“ऐकलं मी,” आत्या म्हणाली.

२४ एप्रिल, शुक्रवार

झालं. डॉक्टर म्हणाले, नीट झालं. बाबा बाहेरच्या बाकावर दिवसभर, मधला पंखा फिरत होता त्याच्याखाली नाही, दुसऱ्या टोकाला.

२५ एप्रिल, शनिवार

हाताला सलाईन, टाईप करता येत नाही. नुसती बघते. डबी उशाशी ठेवली, चालू केली. तारीख विचारली तिने. मी घातली.

२६ एप्रिल, रविवार

एका बोटाने ‘पाणी दे’ दाबलं. चालतंय. नर्सने विचारलं, हे कुठे मिळतं? आत्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

बाबा आले, पायाशी उभे राहिले, गेले.

२७ एप्रिल, सोमवार

आज आत्याला उशांना टेकवून बसवलं. सलाईन काढलं. डबी मांडीवर. बाबा समोर स्टुलावर, बरोबर पंख्याखाली, रुमालाने मान पुसत. मी मधे, नेहमीच्या जागी.

आत्याने पेन उलटं धरलं. मी उठायच्या तयारीतच होते. पहिलंच बटण आहे, तिला शोधावंही लागत नाही. पण ते तिने दाबलं नाही. एकेक अक्षर शोधत बसली. खूप वेळ. बाबा रुमाल हातात तसाच धरून.

डबी म्हणाली, “दादा, पंखा.”

बाबा म्हणाले, “हो गं.” उठले. बंद केला.

मला कुणीच काही सांगितलं नाही.